महर्षी कर्वे यांचा पै-पैचा हिशेब

चवथ जवळ आली की कोरगावात दोन कामे एकदमच सुरू होतात. घरात माटोळीच्या सामानाची यादी होते आणि मंडळात पावतीपुस्तके वाटली जातात. गेली काही वर्षे मंडळाची खजिनदारी माझ्याकडे आहे. मी सरकारी नोकर. दिवसभर कचेरीत बिले आणि व्हाउचर, संध्याकाळी घरी मंडळाची वही. पावसात छत्री सांभाळत, कुत्र्यांना चुकवत दारोदार जायचे, कुणी पन्नास देतो, कुणी पाचशे, कुणी नंतर या म्हणतो. ही सवय आपल्या सगळ्यांनाच आहे.

यंदाच्या सभेत एक सूचना आली. घरोघरची वर्गणी बंद करावी, एखादा मोठा पुरस्कर्ता गाठावा, त्याची कमान उभारावी आणि मोकळे व्हावे. खरे सांगायचे तर मी मनातून खूश झालो. माझीच पायपीट वाचणार होती. निर्णय पुढच्या सभेवर गेला. त्याच सभेत स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहिण्याचे काम माझ्यावर आले. मी महर्षी धोंडो केशव कर्वे यांना निवडले. शाळेत त्यांच्यावर धडा होता, तेवढीच ओळख. आता पुन्हा वाचायला बसलो तेव्हा समाजसुधारकाच्या आधी मला त्यांच्यात एक खजिनदार दिसला. त्याच बाजूने हे चरित्र सांगतो आहे.

कर्वे आपल्यासारखेच कोकणपट्टीतले. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले, दापोलीजवळचे मुरूड. समुद्र, नारळी-पोफळी, दुर्गादेवीचे देऊळ. आपल्या पेडण्याच्या माणसाला तिथे परके वाटणार नाही. जन्म आजोळी शेरवलीला, १८ एप्रिल १८५८ रोजी. घरची परिस्थिती बेताची, पण मान मोठा. एकदा बडोद्याला गायकवाड सरकारकडून ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात होती. मुलांना जावेसे वाटले, पण आईने जाऊ दिले नाही. फुकटचा पैसा घ्यायचा नाही, ही त्या घराची शिकवण. याच घरातल्या मुलाने पुढे साठ वर्षे लोकांपुढे हात पसरला, पण स्वतःसाठी एकदाही नाही.

मुरूडला विनायक लक्ष्मण सोमण नावाचे मास्तर होते. सार्वजनिक कामाची गोडी धोंडूला त्यांनी लावली. देवळात बसून गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवणे, ही त्याची पहिली समाजसेवा. १८७५ साली सहावीच्या परीक्षेसाठी तो मित्रांबरोबर मुरूडहून साताऱ्याला पायी निघाला. ऐन पावसाळ्याचे दिवस, सह्याद्रीचा घाट, सुमारे ११० मैलांची वाट. तिथे पोचल्यावर परीक्षकांनी त्याच्याकडे पाहिले आणि वय कमी दिसते म्हणून परत पाठवले. पुढच्या वर्षी तो कोल्हापूरला जाऊन ती परीक्षा पास झाला. त्या पायांना पुढे फार चालायचे होते.

मुंबईत १८८१ साली मॅट्रिक आणि १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन बी.ए. असे शिक्षण झाले. मग अनेक शाळांत शिकवणे आणि खाजगी शिकवण्या. चार पैसे मिळू लागले तेव्हा त्यांना आपले गाव आठवले. मुंबईतल्या मुरूडकरांना एकत्र करून त्यांनी मुरूड फंड सुरू केला. प्रत्येकाने थोडेथोडे द्यायचे, ते साठवायचे आणि गावाच्या कामी लावायचे. मुंबईत राहून गावच्या देवळासाठी, शाळेसाठी पैसे पाठवण्याची रीत आपल्याकडे घरोघरी आहे. कर्व्यांच्या पुढच्या मोठ्या संस्थांचे बी या छोट्या फंडात होते.

१८९१ साली दोन गोष्टी घडल्या. पहिली पत्नी राधाबाई गेल्या. लहान रघुनाथ मागे राहिला. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बोलावण्यावरून कर्वे पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य म्हणून पगार ठरला महिना ७५ रुपये. मुंबईत शिकवण्या करून याहून अधिक मिळवता आले असते. पण त्यांनी ७५ रुपये पत्करले. पुढचे सगळे आकडे याच एका आकड्याशी ताडून पाहायचे आहेत, म्हणून वाचकांनी हा लक्षात ठेवावा.

दुसरे लग्न करायचे तर विधवेशीच, असे त्यांनी ठरवले होते. त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई बालपणीच विधवा झाली होती आणि पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकत होती. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात लग्न झाले. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या, पुढे सगळे त्यांना बाया म्हणू लागले. मुरूडच्या समाजाने कर्व्यांवर बहिष्कार घातला. ज्या गावासाठी फंड उभा केला, त्याच गावात त्यांच्या पंक्तीला बसायला कुणी तयार नव्हते.

त्याच साली त्यांनी विधवाविवाहाला उत्तेजन देणारी मंडळी काढली. पण त्यांच्या लवकरच लक्षात आले की लग्न थोड्याजणींचेच होईल, शिक्षण मात्र सगळ्यांनाच हवे. १४ जून १८९६ रोजी पुण्यात अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन झाली. अध्यक्ष डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, चिटणीस कर्वे. वर्गणीची वही उघडली तेव्हा कर्व्यांनी पहिल्यांदा स्वतःची शिल्लक तिच्यात टाकली आणि मग दुसऱ्याच्या दारात गेले. माझ्या मते त्यांच्या हिशेबशास्त्राचा हा पहिला नियम आहे. ज्याचे स्वतःचे नाव यादीत नाही, त्याने यादी घेऊन फिरू नये.

मग सुट्ट्या आल्या की दौरे सुरू. कॉलेजला सुट्टी लागली की प्राध्यापक महाशय गावोगाव वर्गणीला निघत. विधवाविवाह केलेला माणूस म्हणून कित्येक दारे बंदच असत. इथे त्यांनी एक अवघड निर्णय घेतला. आश्रम आणि विधवाविवाहाची चळवळ यांचा संबंध ठेवायचा नाही, आश्रम शिक्षणासाठी आणि फक्त शिक्षणासाठी, असे त्यांनी जाहीर केले. सनातन्यांचा संशय त्याने पुरता गेला नाही. उलट काही सुधारक मित्र नाराज झाले, त्यांना हा भित्रेपणा वाटला. वर्गणीसाठी तत्त्व बाजूला ठेवले, असा अर्थ कुणी काढू शकेल. पण कर्व्यांचा हिशेब वेगळा होता. ज्याने मुलींच्या शिक्षणासाठी रुपया दिला, त्याचा रुपया दुसऱ्या कामाला लावायचा नाही, मग ते काम आपल्याला कितीही प्रिय असो. आम्ही सरकारी माणसे याला एका शीर्षाची रक्कम दुसऱ्या शीर्षाखाली न टाकणे असे म्हणतो. नियम साधा आहे, पण स्वतःच्या आवडीच्या कामाच्या बाबतीत तो पाळणारे थोडे.

१८९९ च्या सुरुवातीला पुण्यात भाड्याच्या जागेत आश्रमाचे घर सुरू झाले. तेवढ्यात प्लेग आला. शहरात मुलींना ठेवणे धोक्याचे झाले. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी पुण्याबाहेर हिंगणे गावाजवळची सहा एकर जमीन दिली आणि झोपडी बांधायला ७५० रुपये दिले. १९०० साली त्या माळरानावर एक झोपडी उभी राहिली आणि आश्रम तिथे गेला.

हिंगण्याला तेव्हा ना रस्ता, ना दुकान. कर्वे दिवसा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत. संध्याकाळी सामान बरोबर घेऊन चार मैल चालत हिंगण्याला जात, मुलींना शिकवत, रात्री तिथेच राहत आणि सकाळी पुन्हा चालत पुण्याला येत. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल. हा क्रम त्यांनी सुमारे दोन वर्षे पाळला. त्या फेऱ्यांचे भाडे कोणत्याही वहीत चढलेले नाही. संस्थेच्या जमाखर्चात असे न लिहिलेले खर्च पुष्कळ असतात, हे आपल्या मंडळाच्या मंडप बांधणाऱ्या मुलांना वेगळे सांगायला नको.

आता विम्याची गोष्ट. कर्व्यांनी आयुष्याचा विमा उतरवला होता, पाच हजार रुपयांचा. ७५ रुपये पगार धरला तर साडेपाच वर्षांची कमाई. ती पॉलिसी त्यांनी आश्रमाला देऊन टाकली. आपण शाळेत ही गोष्ट त्याग म्हणून शिकलो आणि टाळ्या वाजवल्या. पण पॉलिसी कुणासाठी असते? ती घरच्यांसाठी असते. घरात बाया आणि मुले होती. नवऱ्याचे काही बरेवाईट झाले तर हातात काय, हा प्रश्न त्या माउलीला पडला आणि तिने तो स्पष्ट शब्दांत विचारला. बाया मुक्याने सोसणाऱ्या नव्हत्या. त्यांनी आपल्या आठवणी 'माझे पुराण' या नावाने सांगून ठेवल्या आहेत, त्यांतून हा संसार दिसतो. नागपूरला जाऊन त्या सुईणीचे काम शिकल्या, घराला हातभार लावला आणि आश्रमासाठी वर्गणीही जमवली. संस्थेच्या वहीत पाच हजार जमा झाले, तेव्हा एका घराच्या वहीत पाच हजार वजा झाले होते. कर्व्यांचे मोठेपण तेवढ्याने कमी होत नाही. पण जमेच्या बाजूला फक्त त्यांचेच नाव लिहिणे हा हिशेब अपुरा आहे.

दुसरे नाव बायांच्या बहिणीचे, पार्वतीबाई आठवले यांचे. त्याही विधवा. आश्रमात शिकल्या, तिथेच काम करू लागल्या आणि आश्रमाच्या वर्गणीसाठी त्यांनी गावेच्या गावे पालथी घातली. १९१८ साली त्या एकट्या अमेरिकेला गेल्या. इंग्रजी जेमतेम. तिथे लोकांच्या घरी काम करून पोट भरले आणि संस्थेसाठी मदत मिळवली. त्या काळात केशवपन केलेली विधवा ओसरीवर यायलासुद्धा बिचकत असे, हे आठवून हा प्रवास मोजावा.

काम वाढत गेले. १९०७ साली महिला विद्यालय, १९०८ साली निष्काम कर्म मठ. मठ म्हणजे आयुष्य संस्थेला वाहणाऱ्या माणसांची फळी. पैशापेक्षा माणसे मिळणे कठीण, हे कर्व्यांनी ओळखले होते. १९१४ साली ते फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. १९१५ साली 'आत्मवृत्त' प्रसिद्ध झाले. वय सत्तावन्न. आपल्यापैकी बहुतेकांची हिशेब मिटवायची वेळ. त्यांनी नवे खाते उघडले. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती आली होती. १९१५ च्या सामाजिक परिषदेत अध्यक्ष म्हणून बोलताना त्यांनी स्त्रियांसाठी वेगळ्या विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ साली ते सुरूही केले. शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी एक विषय म्हणून. सरकारची मान्यता नाही, त्यामुळे त्या पदवीला नोकरीच्या बाजारात भाव नाही. पुन्हा वर्गणी, पुन्हा दौरे. १९२१ साली पहिल्या पाच पदवीधर बाहेर पडल्या.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९२० साली, मोठे दान आले. मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी जगप्रवासात जपानचे महिला विद्यापीठ पाहिले होते. त्यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केली. साडेतीन टक्क्यांनी तिचे वार्षिक व्याज ५२,५०० रुपये होते. म्हणजे महिना ७५ रुपये मिळवणाऱ्या प्राध्यापकाची अठ्ठावन्न वर्षांची मिळकत दर वर्षी येणार. विद्यापीठाला विठ्ठलदासांच्या मातोश्रींचे नाव मिळाले, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. आज आपण एस.एन.डी.टी. म्हणतो ते हेच. १९३६ साली त्याचे मुख्य ठाणे पुण्याहून मुंबईला गेले.

इथे मी बराच वेळ थांबलो. सभेतली सूचना आठवली. बघा, कर्व्यांनीसुद्धा मोठा पुरस्कर्ता घेतला, नाव दिले, मग आपण कमान उभारायला काय हरकत आहे? पण क्रम पाहावा लागतो. ते दान आले तेव्हा वर्गणीच्या वहीला चोवीस वर्षे झाली होती. विठ्ठलदासांनी दिले ते एका चालत्या संस्थेला. तिच्यामागे हजारो छोट्या देणगीदारांची साक्ष होती. आणि मोठी रक्कम आली म्हणून कर्व्यांनी झोळी खुंटीला टांगली नाही.

१९२९ च्या मार्चमध्ये, एकाहत्तरीला टेकलेले असताना, ते परदेशी निघाले. इंग्लंडात माल्व्हर्नच्या शिक्षक परिषदेत बोलले, पुढे जिनिव्हा, जर्मनी, अमेरिका, जपान अशी फेरी करून १९३० साली परतले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आफ्रिकेला गेले, ते पंधरा महिन्यांसाठी. मोंबासा, युगांडा, टांगानिका, झांझिबार, दक्षिण आफ्रिका आणि पोर्तुगीज पूर्व आफ्रिका. तो शेवटचा मुलूख म्हणजे आजचे मोझांबिक. आपल्या गोव्याची कितीतरी माणसे त्या काळी तिथे पोटापाण्यासाठी गेली होती. व्याख्यान द्यायचे, संस्थेची माहिती सांगायची आणि जे मिळेल ते वहीत मांडायचे, हाच उद्योग तिथेही.

१९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. ज्या खेड्यांत शाळाच नाहीत तिथे शाळा काढायच्या. विद्यापीठाचा संस्थापक पुन्हा पहिल्या पायरीवर आला. आपल्या तुटपुंज्या निवृत्तिवेतनातला वाटा दरमहा त्या कामाला द्यायचा आणि बाकीच्यासाठी पुण्यात दारोदार जायचे, असा क्रम सुरू झाला. १८९६ सालचा नियम तसाच होता. आधी स्वतःचे, मग दुसऱ्याचे. १९४४ साली त्यांनी समता संघ काढला. १९५१ साली महिला विद्यापीठाला कायद्याने मान्यता मिळाली. पस्तीस वर्षे ते सरकारी शिक्क्यावाचून चालले होते.

बाया १९५० साली गेल्या. विद्यापीठाच्या भाग्याचा तो दिवस त्यांना पाहता आला नाही. अण्णांना १९५५ साली पद्मविभूषण आणि १९५८ साली, शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळाले. त्याच वर्षी त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट निघाले. हयात भारतीयाचे असे तिकीट निघण्याची ती पहिली वेळ. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, एकशे चार वर्षांचे होऊन, ते गेले. हिंगण्याची संस्था आजही आहे आणि भाऊबीजेच्या नावाने घरोघर निधी जमवण्याची तिची रीतही चालू आहे. झोपडीच्या जागी इमारती झाल्या, तरी त्या संस्थेने दाराशी जाणे सोडलेले नाही.

आपल्या गोव्यातही ही रीत नवी नाही. पणजीचा मुष्टिफंड सर्वांना ठाऊक आहे. घरोघरी रोज बाजूला ठेवलेल्या मूठभर तांदळातून शाळा चालवण्याची ती कल्पना संस्थेच्या नावातच राहिली. मूठभर तांदूळ देणाऱ्या बाईला ती शाळा आपली वाटली असणार. एकाच सावकाराने सगळा खर्च उचलला असता तर तिने ती दुरून पाहिली असती.

म्हणून सभेतल्या सूचनेबद्दल माझे मत बदलले, ते इथे प्रामाणिकपणे नोंदवतो. मोठा पुरस्कर्ता जरूर घ्यावा, मंडपाचा आणि विजेचा खर्च दर वर्षी वाढतोच आहे. पण पावतीपुस्तक बंद करू नये. पन्नास रुपयांची पावती फाडताना आपण त्या घरी पाच मिनिटे बसतो, म्हाताऱ्यांची विचारपूस होते, कुणाचा मुलगा कुठे लागला ते कळते. देणारा मग आरतीला हक्काने उभा राहतो आणि हिशेबही हक्काने विचारतो. विचारणारी घरे जितकी जास्त, तितका खजिनदार सरळ राहतो. हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगतो.

माझ्यापुरत्या दोन गोष्टी मी केल्या आहेत. यंदाची पहिली पावती स्वतःच्या नावावर फाडली. दुसरी गोष्ट अशी की, जमाखर्चाच्या पत्रकात एक नवी ओळ घातली आहे. गेल्या वर्षी नेवऱ्या आणि प्रसाद करायला ज्या घरांतून गूळ, खोबरे, तूप आले आणि ज्या बायकांनी रात्री जागून काम केले, त्यांची नोंद आजवर कुठेच नव्हती. सौ.ने एकदा सहज विचारले होते की तुमच्या वहीत आमचे कुठे आहे. तेव्हा मी हसून विषय टाळला. बायांची पॉलिसी वाचल्यावर हसता आले नाही. वार्षिक सभेत हे पत्रक मांडले जाईल तेव्हा ती ओळ सर्वांनी पाहावी आणि कुणाचे नाव राहिले असेल तर सांगावे.

गणपती बाप्पा मोरया!